घेवड्याचा वेल आणि रडणारी बाई

पुराणकथा आणि लोककथा ‘आजच्या वाचकासाठी’ नव्याने सांगण्याच्या उद्योगाला गेली काही वर्षे बरे दिवस आलेले आहेत. पुस्तकांच्या दुकानात या प्रकाराला एक वेगळे कपाट दिलेले असते, मोबाईलवर ऐकायच्या मालिका निघतात, आणि नॉर्वेचा लोकी, ग्रीकांची मेडुसा व आपली शूर्पणखा एकाच पंक्तीला येऊन बसतात. याबद्दल नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते म्हणूनच ती कथा असते. तिचे कुठेतरी एक शुद्ध मूळ रूप आहे आणि बाकी सारे बिघाड आहेत, ही समजूत लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी केव्हाच सोडून दिलेली आहे. श्रावणातल्या कहाणीचा शेवट ज्या ठरीव शब्दांनी होतो, तेही आपल्याला हेच सांगतात की साठ उत्तरांची गोष्ट पाच उत्तरांत आणलेली आहे. म्हणजे काटछाट आली, निवड आली.

प्रश्न आहे तो काय काटले जाते याचा. जी नवी पुनर्कथने माझ्या वाचनात आणि ऐकण्यात आली, त्यांपैकी पुष्कळांत गोष्टीतून एकच माणूस नेमका नाहीसा झालेला आढळतो. तो म्हणजे त्या गोष्टीची किंमत ज्याने मोजली तो. देव राहतो, नायक राहतो, बोध तर राहतोच राहतो. किंमत मोजणारा मात्र बोधाच्या आड येतो म्हणून त्याला हळूच बाहेर काढले जाते. हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून एका लहानशा टापूतल्या गोष्टी घेऊन पाहतो. कोल्हापूर जिल्ह्यातले कुरुंदवाड आणि त्याच्या आसपासची शिरोळ तालुक्यातली गावे हा तो टापू. कृष्णा आणि पंचगंगा इथे एकमेकींना मिळतात, मराठी आणि कानडी तर त्याआधीच मिळालेल्या असतात. पंचगंगेच्या एका अंगाला कुरुंदवाड, दुसऱ्या अंगाला नरसोबाची वाडी, आणि कृष्णेपलीकडे औरवाड. ‘गुरुचरित्रा’तले अमरापूर ते हेच, असे मानले जाते.

या अमरापुरातली घेवड्याची गोष्ट ‘गुरुचरित्रा’च्या अठराव्या अध्यायात येते. एक दरिद्री ब्राह्मण कोरान्न मागून कुटुंब चालवतो. ज्या दिवशी काही मिळत नाही त्या दिवशी अंगणातल्या घेवड्याच्या शेंगा रांधून घर जेवते. नृसिंहसरस्वती त्याच्या घरी भिक्षेला येतात, शेंगांची भाजी खाऊन प्रसन्न होतात, तुमचे दारिद्र्य गेले असे म्हणतात, आणि निघताना अंगणभर पसरलेला तो वेल मुळापासून छाटून टाकतात. ब्राह्मण मग उरलेले मूळ काढायला खणतो, तो खाली द्रव्याने भरलेला कुंभ. वाडीला गेलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते, आणि सप्ताहाच्या पारायणानंतरच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी चुकत नाही ती याच गोष्टीमुळे.

ही गोष्ट अलीकडे ‘व्यक्तिमत्त्व विकासा’च्या व्याख्यानांतून फार ऐकू येते. तिथे तिचा सांगाडा असा होतो : माणसे एखाद्या घेवड्याला चिकटून बसतात. नोकरीचा घेवडा, सवयीचा घेवडा. तो उपटल्याशिवाय खालचा हंडा दिसत नाही. तेव्हा आपापला घेवडा उपटा. टाळ्या. जगभर फिरणारी गायीची बोधकथा पुष्कळांनी वाचली असेल. एक गुरू आणि शिष्य डोंगरातल्या एका गरीब कुटुंबाकडे उतरतात, कुटुंबाचा सारा आधार एक गाय, आणि गुरूच्या आज्ञेवरून ती गाय कड्यावरून लोटली जाते. काही वर्षांनी परत येऊन पाहतात तो घर समृद्ध झालेले, कारण गाय गेल्यामुळे त्या माणसांना हातपाय हलवावे लागले. ही कथा कुठून निघाली कोण जाणे. कधी ती चीनमधली म्हणून सांगतात, कधी दक्षिण अमेरिकेतली. घेवड्याच्या गोष्टीची व्याख्यानी आवृत्ती आणि ही गाय यांच्यात आता फरक उरलेला नाही. ‘जागतिक’ होणे म्हणतात ते बहुधा हेच असावे.

आता पोथी उघडून पाहावी. वेल छाटून गुरू संगमाकडे निघून जातात आणि गोष्ट तिथे धावत हंड्यापाशी जात नाही. ती थांबते. ब्राह्मणाची बायको रडू लागते, मुले रडू लागतात. आम्ही त्या यतीचे काय वाईट केले होते, की त्याने आमच्या तोंडचे अन्न काढून घ्यावे, असा तिचा सवाल आहे. नवरा तिला समजावतो, दैवाच्या गोष्टी सांगतो, यतीला बोल लावू नकोस म्हणतो. नवरे सांगतात तसेच ते आहे. पण पोथीकाराने तिचा आकांत गाळलेला नाही. ज्या ग्रंथाचे पारायण बायकांनी करू नये असा संकेत कित्येक घरांत आजही पाळतात, त्याच ग्रंथात साक्षात गुरूच्या कृतीला अन्याय म्हणणारी एक भुकेली बाई शाबूत उभी आहे. पुढे हंडा सापडतो, पण ती रडली ते रडणे मागे घेतले जात नाही. तिला हंड्याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. त्या घटकेला तिच्यापुढे फक्त उद्याची उपाशी मुले होती.

व्याख्यानी आवृत्तीत ही बाई नाही, आणि गायीच्या कथेतही गाय मेल्याच्या रात्री त्या घरात काय झाले हे कोणी सांगत नाही. सांगितले तर गुरूकडे पाहण्याची आपली नजर थोडी बदलते आणि बोध घोटाळतो. पोथीकार सरस्वती गंगाधर हा भक्त होता, त्याची मातृभाषा कानडी होती, आणि आपल्याला मराठी नीट येत नाही असे त्याने ग्रंथारंभीच सांगून टाकले आहे. परक्या भाषेत, अढळ श्रद्धेने लिहिणाऱ्या त्या माणसाला ती बाई अडचणीची वाटली नाही. ती आपल्याला अडचणीची वाटते, यात आपल्या आधुनिकतेचा काय भाव ठरतो ते ज्याचे त्याने पाहावे.

कुरुंदवाडहून कृष्णेच्या काठाकाठाने पूर्वेला गेले की खिद्रापूर लागते. तिथले शिलाहारकालीन कोपेश्वराचे देऊळ आता पर्यटकांच्या यादीत पक्के बसलेले आहे. अठ्ठेचाळीस खांबांचा, वर आभाळाला उघडा असलेला स्वर्गमंडप पाहायला लोक लांबून येतात. पण या शिवालयात नंदी नाही. त्याचे कारण गाव असे सांगते : दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला बोलावले नाही, सती तरीही निघाली आणि नंदीवर बसून गेली. तिने तिथे देह टाकला. शंकराला कोप आला म्हणून तो कोपेश्वर. त्याला शांत करायला विष्णू आला, तो शेजारच्या लिंगाच्या रूपाने धोपेश्वर म्हणून इथेच राहिला. नंदी मात्र परत आलाच नाही. तो नदीपल्याड कर्नाटकात यडूरला आहे. आणि यडूरला प्रसिद्ध देऊळ आहे ते वीरभद्राचे, म्हणजे दक्षाचा यज्ञ उधळणाऱ्याचेच.

अभ्यासक यावर सांगतील की खिद्रापूरचे जुने नाव कोप्पम असावे, चोळ आणि चालुक्य यांच्यात अकराव्या शतकात झालेल्या कोप्पमच्या लढाईचे ठिकाण काहींच्या मते हेच, आणि तेव्हा कोपेश्वर म्हणजे कोप्पमचा ईश्वर. कोपाचा संबंध मागून जोडलेला. हे बरोबर असण्याचा संभव बराच आहे. मला त्याने गोष्टीचे काही बिघडलेले दिसत नाही. उलट गोष्ट सांगणाऱ्यांचे कौतुक वाटते. सतीला सेवकांनी वृषभावर बसवून नेले हा तपशील भागवताच्या चौथ्या स्कंधात ओझरता येतो. पुराणकार तो सांगून पुढे जातो. खिद्रापूरच्या अनाम सांगणाऱ्याने तेवढाच धागा धरला आणि विचारले, मग तो बैल परत आला का? पुराणात याचे उत्तर कोणी मागितले नव्हते. गावाने ते मागितले, आणि उत्तर म्हणून एक रिकामी जागा ठेवली. सती गेली याचे दुःख त्या देवळात कोणत्याही शिल्पाने सांगितले नसेल इतके त्या नसलेल्या नंदीने सांगितलेले आहे. मधून आता राज्याची सीमा गेली, तरी गोष्टीचे दोन तुकडे एकमेकांकडे तोंड करून आहेत.

हेही पुनर्कथनच आहे, आणि ते आठशे वर्षांपूर्वीच्या एका श्रोत्यांसाठी केलेले ‘आधुनिक’ पुनर्कथन असणार. त्यात आणि आजच्या आवृत्त्यांत फरक हा की सांगणाऱ्याने पोकळी बुजवली नाही. आजचा कथाकार नंदीला परत आणील, किंवा नंदीचे एक मनोगत लिहील. (मनोगतांचा सुकाळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.)

कोणी म्हणेल, ही सारी आपल्याच घरातली उदाहरणे झाली, जगभरच्या कथांचे काय? तर जगाच्या कथा या टापूत पुस्तकांच्या फार आधी आलेल्या आहेत. करबल्याची कथा इराकातली, फुरात नदीकाठची. कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणपती बसतो हे आता वर्तमानपत्रांमुळे महाराष्ट्राला माहीत झाले आहे. २०१८ आणि २०१९ साली गणेशोत्सव आणि मोहरम एकाच सुमारास आले तेव्हा तिथे गणपती आणि पीर एका छताखाली होते. त्याच्या बातम्या ‘ऐक्याचा आदर्श’ या मथळ्याखाली येतात, आणि ते खरेही आहे, पण माझे लक्ष दुसरीकडे जाते. हुसेन आणि त्याचे सोबती पाण्यावाचून तडफडले, तान्ह्या मुलालाही पाणी मिळाले नाही, ही गोष्ट ज्या लोकांनी आपलीशी केली त्यांच्या उशाशी दोन नद्या वाहतात, आणि त्यांचे संकट पाणी नसण्याचे कमी, पाणी फार असण्याचेच जास्त. तरी सीमाभागातल्या मोहरमच्या पदांतून ती तहान जशीच्या तशी राहिली. ती इथल्या सोयीने बदलून घ्यावी असे कोणाला वाटले नाही. तिच्यातून ‘आपण काय शिकलो’ हेही कोणी विचारले नाही. लोकांनी सरबत केले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाजले.

याउलट जिथे बोध आधी ठरतो तिथे काय होते याचे जुने उदाहरण ग्रिम बंधूंचे आहे. जंगलात सोडून दिलेल्या हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत सख्खी आईच घालवून देते. पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई झाली. आई असे करील हे वाचकाला पेलवणार नाही, असे त्यांना वाटले असावे. दुष्काळात आईवर काय वेळ येते ही त्या गोष्टीतली सर्वांत भयंकर गोष्ट एका विशेषणाने मिटली. आपल्याकडे रेणुकेचे असेच झालेले आहे. मुलांच्या पुस्तकांत ती पित्याच्या आज्ञेत असणाऱ्या परशुरामाची कथा म्हणून येते. मान उडवायची, वर मागायचा, आई पुन्हा जिवंत, आणि पुत्र आदर्श. पण मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला कोल्हापूरकडून जे हजारो लोक सौंदत्तीच्या यल्लमाला जातात, त्यांच्यासाठी ती परशुरामाची कथा नाही. दक्षिणेत सांगतात त्या एका रूपात रेणुका एका मातंगीच्या आश्रयाला जाते, तिचेही मस्तक उडते, आणि जिवंत करताना मस्तके आणि धडे बदलतात. त्या मातंगीने काय बिघडवले होते? तिचे घर जवळ होते, एवढेच. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) रेणुका आणि यल्लमा यांची जी उकल केली, तिच्यानंतर तरी मराठीत ही कथा आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून सांगणे अवघड व्हायला हवे होते. तसे झालेले नाही.

आता आपल्या मोठ्या पुनर्कथनांकडे. कोल्हापूरचे नाव या प्रांतात मोठे आहे. ‘ययाति’ (१९५९) लिहिणारे वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहत होते आणि ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत याच जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. या दोन कादंबऱ्यांनी महाभारत घराघरांत नेले, हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो. महाभारतातला ययाती मुलाचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग भोगतो, आणि पुरू तेवढी वर्षे म्हातारा असतो. कादंबरीत ययातीला पश्चात्ताप लवकर होतो आणि पुरूचे वार्धक्य फार काळ टिकत नाही. खांडेकरांचा सारा रोख भोगवादी माणसाच्या जागे होण्यावर होता. त्या जागे होण्याची किंमत मुलाने हजार वर्षे मोजावी हे त्यांच्या हळव्या मनाला सोसले नसावे. ‘मृत्युंजय’मध्ये भर सभेत द्रौपदीला उद्देशून कर्णाने काढलेल्या शब्दांना त्याच्या मनोव्यापारांचे असे जाड अस्तर लावलेले आहे, की वाचक द्रौपदीपेक्षा कर्णासाठीच हळहळतो. उपेक्षिताला न्याय द्यायचा म्हणून लेखक त्याचे वकीलपत्र घेतो, आणि वकीलपत्र घेतले की समोरच्या साक्षीदाराला गप्प बसवणे ओघानेच येते.

त्याच १९६७ साली आलेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी असे कोणाचेही वकीलपत्र घेतले नाही. खांडववन जाळताना कृष्ण आणि अर्जुन यांनी त्यातल्या प्राण्यांना, नागांना बाहेर पडू दिले नाही, या प्रसंगाजवळ त्या थांबल्या आणि त्यांनी जळणाऱ्यांचा हिशेब मागितला. पांडवांच्या वैभवाची राजधानी आणि मयसभा ज्या राखेवर उभी राहिली ती राख त्यांनी आपल्याला दाखवली. ललित कल्पनेचा आधार फारसा न घेता, केवळ मूळ नीट वाचून केलेले ते पुनर्कथन मला आजही सर्वांत आधुनिक वाटते. बाहेरच्या जगात या जातीचे उदाहरण द्यायचे तर मार्गारेट अ‍ॅटवुडच्या ‘पेनेलोपियाड’चे (२००५) देता येईल. ‘ओडिसी’च्या शेवटाकडे बारा दासींना फासावर लटकवले जाते, होमर ते थोडक्यात सांगतो. अ‍ॅटवुडने त्या बारा जणींचा एक कोरस केला आणि तो पुस्तकभर मधूनमधून येऊन नायकाच्या सुखरूप घरी परतण्याला टोचत राहतो. पुस्तकाच्या नावात पेनेलोपी असली तरी लक्षात राहतात त्या दासी.

हा सारा खल केवळ साहित्याचा असता तर तो इतक्या तावातावाने करण्याची गरज नव्हती. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. वाडीला पावसाळ्यात कृष्णा चढत चढत देवळात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्याचा तो दक्षिणद्वार सोहळा. नदी देवाला न्हाऊ घालायला येते, ही कल्पना सुंदर आहे आणि नदीकाठच्या माणसाने पुराशी शतकानुशतके केलेला तो एक समझोता आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावेच्या गावे उठवावी लागली, उसाची आणि सोयाबीनची शेते आठवडाभर पाण्याखाली राहिली, मातीच्या भिंती बसल्या, दावणीची जनावरे गेली. अशा वेळी ‘घेवडा उपटला जातो तेव्हाच हंडा सापडतो’ हे वाक्य एखाद्या निवारा छावणीत उच्चारून पाहावे. संकट म्हणजे संधी, असे भाषण करणाऱ्यांची त्या दिवसांतही वाण नव्हती. ज्याचे जनावर वाहून गेले त्याला कड्यावरून लोटलेल्या गायीची कथा सांगणे ही क्रूरता आहे, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. पोथीतली गोष्ट मात्र तिथेही सांगता येते, कारण तीत आधी रडलेली एक बाई आहे. ऐकणाऱ्याला ती ओळखीची वाटते. हंडा सापडो न सापडो, आपला वेल गेला तेव्हा आपण जे बोललो ते पूर्वीही कोणी बोलले होते आणि ते पोथीत लिहून ठेवण्याजोगे ठरले होते, एवढे तरी तिला ऐकून कळते.

म्हणून लहान मुलांसाठी, शहरातल्या मुलांसाठी, परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसाठी या गोष्टी लिहिणाऱ्यांना माझी विनंती फार मोठी नाही. भाषा सोपी करा, लांबण काढा, पात्रांची नावे कमी करा, हवे तर घेवड्याच्या जागी दुसरी शेंग घाला. फक्त रडणाऱ्या माणसाला बाहेर काढू नका, आणि त्याच्या रडण्याचे उत्तर लगेच पुढच्या वाक्यात देऊ नका. मुले घाबरतील, ही भीती मला अतिशयोक्त वाटते. वेल का तोडला, हे कोणतेही मूल विचारतेच. त्यावर मोठ्यांना उत्तर सुचत नाही, ही आपली अडचण आहे, मुलाची नाही. सांगणाऱ्याला अडवणारा श्रोता समोर असणे हेच मुळात या कथांचे घर होते. ‘गुरुचरित्र’ सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादातून पुढे सरकते ते काही उगाच नाही. छापील पुस्तकाला आणि कानातल्या यंत्राला हा नामधारक मिळत नाही, म्हणून लेखकाने तो निदान मनात तरी धरायला हवा.

ए. के. रामानुजन यांनी तरुणपणी बेळगावात शिकवले, आणि कानडी घराघरांतल्या कथा पुढे आयुष्यभर गोळा केल्या. त्यांतल्या एकीत एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे ठाऊक असते, पण ती ते कधी कोणाला सांगत नाही. कोंडलेली गोष्ट आणि गाणे कंटाळून एकदा ती झोपलेली असताना बाहेर पडतात. एकाचे जोडे होतात आणि एकाचा पुरुषाचा अंगरखा, आणि ते दाराशी पाहून नवऱ्याच्या मनात संशय शिरतो. न सांगितलेली गोष्ट घरात अशी आग लावते. घेवड्याच्या गोष्टीलाही असाच एक शेवट आहे आणि तोही हल्ली सगळे गाळतात. हंडा घेऊन नवराबायको गुरूंकडे जातात तेव्हा गुरू बजावतात की हे कोणाला सांगू नका. बोललात तर लक्ष्मी घरात राहणार नाही. पाचशे वर्षे ती गोष्ट साऱ्या कृष्णाकाठाला पाठ आहे. म्हणजे कोणीतरी बोलले. कोण, हे पोथी सांगत नाही. माझा संशय त्या बाईवर आहे.